मध्यम गेमिंग पीसी, चाळीस हजार रुपये आणि गोव्याचा पाऊस: आधी काय बदलावे?

चिरेबंदी

मंडळी, जुने मशीन नवे करायचे आहे. मी डिचोलीला राहतो. सामान असे:

प्रोसेसर रायझन ५ ३६००, त्याच्या खोक्यातलाच छोटा कूलर. बी४५० मदरबोर्ड. ८+८ मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम, ३२०० वर चालते, रॅम पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी सेटिंग चालू आहे (हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद तिथेच खर्ची पडतील). ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी. ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क. ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा, मशीनच्याच वयाचा. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झ.

खेळतो काय, तर सायबरपंक २०७७, बाल्डर्स गेट ३, आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट. आफ्टरबर्नर हा भार दाखवणारा प्रोग्रॅम लावून आकडे बघून ठेवलेत. सायबरपंकमध्ये कार्ड ९८-९९ टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत. बाल्डर्स गेटच्या तिसऱ्या अंकात शहरात शिरलो की नेमके उलटे, कार्ड ६० टक्क्यांवर घसरते तरी सेकंदाला फ्रेम चाळिशीतच, वर झटके वेगळे. तिथे रिझोल्यूशन ७२०पी केले तरी फ्रेम वाढत नाहीत. व्हॅलोरंट १५० च्या वर धावते, पण दाखवणारा पडदा साठचा.

बजेट चाळीस हजार, चवथीपर्यंत जमवायचे. म्हापशात एका दुकानात विचारले, उत्तर आले "सगळेच बदला". ते सोडून सांगा.

तिसऱ्या

प्लेस्टेशन घ्या. धागा संपला.

चिरेबंदी

याच मशीनवर ऑटोकॅड चालते आणि घराचा हप्ता निघतो. पुढचा.

मांडवीपार

दुकानदाराला नावे ठेवू नका, तो अगदीच चुकीचे बोलला नाही. तुमच्या बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या एएम४ सॉकेटवर पहिले रायझन २०१७ साली आले. त्या सॉकेटवर आज पैसे घालणे म्हणजे शेवटच्या स्टेशनाचे तिकीट काढणे. त्यानंतरच्या एएम५ वर एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही नव्या चिप देण्याचे सांगितले आहे. रायझन ५ ७६००, साधा बी६५० बोर्ड, डीडीआर५ रॅम घ्या, जुने कार्ड त्यावर लावा आणि कार्ड पुढच्या वर्षी बदला. पाया नवा झाला की वरचे मजले कधीही चढवता येतात.

बिबिंका

मांडवीपारबाब, हा सल्ला दोन वर्षांपूर्वी मीही दिला असता. डीडीआर५ चे भाव हल्ली पाहिलेत का? २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला घेतली आणि आपल्यासारख्यांना उरलेसुरले मिळू लागले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. चिरेबंदींच्या हातात १६ जीबी चांगली डीडीआर४ आहे. ती ठेवून जे जे होईल ते आज स्वस्त, ती टाकून जे होईल ते महाग. बाकी सगळे हिशेब त्यानंतरचे.

शिवाय तुमच्या योजनेत चाळीस हजार जाऊन सायबरपंक जसेच्या तसे चालणार, कारण तिथे अडते कार्डाचे. एवढे पैसे घालून वर्षभर तेच चित्र बघायचे?

चिरेबंदी, तुम्ही आकडे देऊन निम्मे काम केलेत. एका खेळात कार्ड अडते, दुसऱ्यात प्रोसेसर, तिसऱ्यात मॉनिटर. म्हणजे एकाच वस्तूवर सगळे पैसे ओतले तर तीनपैकी एकच खेळ सुधारेल. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आता ऑफिसात आहे.

लोकल_फास्ट

मुंबईहून लिहितोय. काहीही घ्या, पण लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात भाव काढल्याशिवाय घेऊ नका. कोकण रेल्वेने येणारा एखादा पाहुणा गाठा की झाले.

कुळागर

पाहुणा सामान आणील, वॉरंटीला परत कोण नेईल? गोव्यात बऱ्याच ब्रँडांचे सामान तसेही दुरुस्तीला बाहेरच पाठवावे लागते. ते कुरिअर आपल्याच खिशातून जाणार की दुकानदार करणार, हे घेण्याआधी विचारावे. हजार-पाचशे जास्त देऊन फोंड्यात किंवा मडगावात घेतलेली वस्तू मला परवडते.

खाजन

सगळे कार्डावर बोलतायत, मी विजेवर बोलतो. वेर्ण्याला कंट्रोल पॅनलचे काम करतो, त्यामुळे सवय आहे.

चिरेबंदीबाब, आधी एक करा. मशीन चालू असताना अनवाणी उभे राहून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, मागच्या स्क्रूंना, बोटांची मागची बाजू हलकेच लावून पहा. झिणझिण्या येतात का?

येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असले की तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसले की पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह इतका कमी की माणसाला सहसा झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही, पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा लॅनची केबल लावताना तोच फरक पोर्टातून वाट काढतो. "पोर्ट आपोआप गेला" म्हणतात त्यातले बरेच असे गेलेले असतात.

मल्टिमीटर असेल तर सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. एक-दोन व्होल्ट असावेत. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यावेत. नाही आले तर वायरमनला बोलवा, स्वतः खोलत बसू नका.

आपल्याकडे अजून एक भानगड. जमीन चिऱ्याची. पावसात ठीक, पण मार्च-एप्रिलात ती ठणठणीत कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. जुन्या घरात खड्डा असतो, पण त्यात पाणी घालायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या ओताव्यात. फुकटचा अपग्रेड.

आणि तो ४५० वॅटचा एसएमपीएस बदला. बेरीज केली तर ४५० पुरेल. कार्डाचे दीडशे-पावणेदोनशे, प्रोसेसरचे ऐंशी-नव्वद, बाकी पन्नास. प्रश्न वॅटचा नाही, वयाचा आहे. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात, आणि आपल्याकडे वीज वर-खाली होते ती सगळी तोच सोसतो. ५५० वॅटचा, ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा), चांगल्या नावाचा. ८०० घेऊन मिरवायची गरज नाही.

म्हादई

विषय माझ्या डोक्यावरून जातोय, पण झिणझिण्यांचे वाचून दचकले. मुलाच्या मशीनला अशाच येतात, तो म्हणतो "आई, ते नॉर्मल असते". नॉर्मल नाही ना?

खाजन

नाही ताई, नॉर्मल नाही. आजच वायरमनला सांगा. बहुतेक वेळा फक्त सॉकेटामागची हिरवी तार सुटलेली असते.

तिसऱ्या

या धाग्यामुळे साठ लोक आज आपापल्या कॅबिनेटला गुदगुल्या करतायत.

बिबिंका

आले. आता कार्ड.

१६६० सुपर अजून मेलेले नाही, पण दार बंद व्हायला लागले आहे. त्यात रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशाचे हिशेब करणारे, आरटी कोर नाहीत, आणि काही नव्या खेळांना ते सक्तीचे आहेत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस हे दोन्ही या कार्डावर सुरूच होत नाहीत. डीएलएसएस (लहान चित्र मोठे करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची युक्ती) नाही, तसल्याच एफएसआरवर भागवावे लागते. आणि ६ जीबी.

नवे घेताना सगळे जण कार्डाचे नाव बघतात. तुमच्या बाबतीत बोर्ड बघायला हवा. बी४५० म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३.०. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे स्लॉट पूर्ण लांबीचा असला तरी आठच लेन, म्हणजे बोर्डाशी डेटा ने-आण करायच्या वाटा, वापरतात. नव्या बोर्डावर त्याचे काही वाटत नाही. ३.० वर आठ लेन म्हणजे सेकंदाला ८ जीबीच्या आसपास वाहतूक. कार्डाची मेमरी पुरते आहे तोवर तीही चालते. पण ८ जीबी भरली की उरलेली टेक्श्चर (खेळातल्या भिंती-कपड्यांवरची चित्रे) रॅममधून, त्याच अरुंद वाटेने, ये-जा करू लागतात आणि फ्रेम धडाधड पडतात. म्हणजे ८ जीबी, आठ लेन आणि जुना बोर्ड असे तिन्ही एकत्र आले की सगळ्यात वाईट. जाहिरातीतले आकडे नव्या बोर्डावरचे असतात, तुमच्या घरी ते तसेच येतील असे नाही.

आरएक्स ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत. १६ जीबीवाले घेतले तर ही कटकटच मिटते, पण ते तुमचे बजेट एकटेच खाऊन बसेल आणि बाल्डर्स गेट जिथल्या तिथे राहील.

इंटेलचे आर्क बी५८० कोणीतरी सुचवीलच, १२ जीबी आणि भाव बरा म्हणून. तुम्ही घेऊ नका. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) लागतेच, वर त्याचा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. ३६०० वर ते कार्ड आपली ताकद दाखवत नाही, हे बऱ्याच जणांनी मोजून दाखवले आहे.

६५०० एक्सटी कोणी फुकट दिले तरी नको. चार जीबी, चार लेन.

मग काय? माझे मत: वापरलेले आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. २०२१ चे कार्ड आहे, पण सोळा लेन, १२ जीबी आणि डीएलएसएस. १६६० सुपरपेक्षा दीडपटीच्या आसपास ताकद. १७० वॅट. उरलेल्या पैशात प्रोसेसर, एसएमपीएस आणि मॉनिटर, तिन्ही बसतात.

एक सावधगिरी. ३०६० चे ८ जीबीवालेही एक रूप निघाले होते, मेमरीची वाट १२८ बिटांची. ते बरेच हळू आहे. १२ जीबीवाले १९२ बिटांचे. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडून ही ओळ पहायचीच. दुसऱ्याच कार्डाचे बायोस (आतला मूळ प्रोग्रॅम) बदलून खपवलेले असेल तर तो प्रोग्रॅम बहुतेकदा नावापुढे "फेक" असे लिहून सांगतो.

मांडवीपार

पाच वर्षांचे जुने, कोणी क्रिप्टो मायनिंगला राबवलेले असेल असे कार्ड घ्यायला सांगताय, तेही पंधरा-सतरा हजार देऊन? नवीन ९०६० एक्सटी ८ जीबी घ्या. लेन सोळाच आहेत, वॉरंटी आहे, ताकद कितीतरी जास्त. ८ जीबी कमी पडली तर टेक्श्चर एक पायरी खाली आणा.

बिबिंका

हा मुद्दा खरा आहे. ताकदीत ९०६० एक्सटी पुढे आहे यात वाद नाही, आणि वापरलेले घ्यायची धडकी असेल तर तेच घ्यावे. पण त्यात मॉनिटर बसत नाही, आणि मला मॉनिटर महत्त्वाचा वाटतो. १५० फ्रेम तयार होतात आणि साठच दिसतात, बाकीच्या वाया. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. कार्ड तीन-चार वर्षांत पुन्हा बदलाल, मॉनिटर आठ वर्षे टेबलावर राहतो.

चिरेबंदी

मॉनिटर १४४०पी घ्यावा का मग? ऑटोकॅडला जागा मिळेल.

बिबिंका

कामासाठी सुंदर. खेळासाठी १०८०पीपेक्षा ७८ टक्के जास्त पिक्सेल ढकलावे लागतील. ३०६० वर डीएलएसएस लावून सायबरपंक जमेल, पण ओढाताण होईल. ९०६० एक्सटी घेणार असाल तर १४४०पी. ३०६० घेणार असाल तर १०८०पी, आयपीएस पडद्याचा, १८० हर्ट्झ. आणि डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात आहे का पहा. लावल्यावर विंडोजमध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः बदलावे लागतात, आपोआप होतीलच असे नाही.

कुळागर

वापरलेल्या कार्डाबद्दल थोडे सांगतो, कारण मी हेच करतो. माझ्याकडची गेली तिन्ही कार्डे वापरलेलीच.

मायनिंगचे भय लोक फार बाळगतात. मायनिंगवाले कार्ड बऱ्याचदा कमी व्होल्टेजवर, एका ठरावीक तापमानात चालत असते, पंखे तेवढे झिजतात. गोव्यात मला खरी भीती खाऱ्या हवेची. कांदोळी, मोरजी, कोलवा, किनाऱ्याला लागून असलेल्या फ्लॅटमधले कार्ड दोन वर्षांत असे होते की दहा वर्षांचे वाटावे. कार्डाच्या मागची पट्टी पहा, जिथे केबल लागतात ती. तिथे गंज किंवा पोर्टांच्या आत हिरवट डाग दिसले तर हात जोडून परत फिरा. मग टॉर्च मारून हीटसिंकच्या पाती पहा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली असेल तर ते मिठाचे काम. स्क्रूंची डोकी पहा. बाहेरून पुसता येते, स्क्रूच्या खाचेतला गंज कोणी पुसत नाही.

म्हणून मी आतल्या भागातले शोधतो. फोंडा, साखळी, केपे, सांगे. तिथेही दमट आहेच, पण मीठ नाही.

आणि विकणाऱ्याच्या घरीच चालवून बघायचे. अर्धा तास. पहिली पाच मिनिटे सगळीच कार्डे गुणी असतात. पंख्याचा खरखराट ऐका, तापमान बघा, हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू) आणि साध्या तापमानात वीसहून जास्त अंशांचे अंतर असेल तर आतली, चिपची उष्णता हीटसिंकला देणारी पेस्ट वाळली. तो दोष मोठा नाही, पेस्ट बदलता येते, पण भाव पाडायला उपयोगी. मूळ बिल मागा. काही ब्रँड सीरियल नंबरवर वॉरंटी देतात, काही बिलावर.

म्हादई

कुळागरबाब, दमट म्हणालात म्हणून विचारते. आमचे घर वाळपईच्या बाजूला. पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग या यंत्राचे काय? मी त्यावर प्लॅस्टिक घालून ठेवते.

कुळागर

प्लॅस्टिक काढा बाय. आत दमटपणा कोंडतो. घालायचेच तर सुती कापड, आणि मशीन पूर्ण थंड झाल्यावर.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मुलाला रोज थोडा वेळ खेळू देणे. थट्टा नाही. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सगळ्या वर्षाचा पाऊस पडून जातो, तीन हजार मिलिमीटरच्या घरात. त्यात दहावी-बारावीचे वर्ष म्हणून आईवडील मशीन बंद करून ठेवतात आणि मग ते सुरूच होत नाही. बहुतेक वेळा रॅमच्या सोनेरी टोकांवर थर बसलेला असतो. प्लग काढून, रॅम बाहेर घेऊन पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली, कणबिण झटकून परत बसवली की चालते. दुकानात याचे पाचशे घेतात.

मशीनमध्ये शिरणाऱ्या मुंग्यांचे मात्र अजून उत्तर मिळालेले नाही.

म्हादई

म्हणजे बारावीच्या पोराला रोज खेळू द्यायचे? हा धागा त्याला दाखवणार नाही. आणि विजेचे बिल?

बिबिंका

अशा मशीनला खेळताना तीनशे वॅट धरा. तीन तास खेळला तर युनिटभरापेक्षा थोडे कमीच.

चिरेबंदी

मोजून आलो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये तब्बल ६० व्होल्ट, आणि आकडा स्थिरही नाही. वायरमन आला, खालच्या बोर्डापर्यंत अर्थ आहे, वरच्या खोलीची तार कधी जोडलीच नव्हती. आता दीड व्होल्ट. खाजनबाब, देव बरें करूं.

आता यूपीएसचेही सांगून टाका. सध्याचा ६०० व्हीएचा आहे.

खाजन

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. खेळ चालू असताना वीज गेली तर नवीन कार्ड आणि मॉनिटर मिळून तो मान टाकील. १००० व्हीए, लाईन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज स्वतः सावरणारा) घ्या. साधारण ६०० वॅट मिळतात. त्यावर खेळत बसायचे नाही, सेव्ह करून बंद करायचे.

बारकी अडचण एकच. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट लयीत खेचणारे सर्किट) असते आणि स्वस्त यूपीएसमधून बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साईन वेव्ह येत नाही, पायऱ्यापायऱ्यांची येते. काही जोड्यांचे जमत नाही आणि वीज जाताच मशीन बंद पडते. म्हणून दुकानातूनच कबूल करून घ्या, की जमले नाही तर बदलून देणार. घरी आणल्यावर खेळ चालू ठेवून भिंतीचा स्विच बंद करून बघा.

आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, मशीन मरतात ती बऱ्याचदा इंटरनेटच्या वाटेने. लोक म्हणतात आमच्याकडे फायबर आहे, आम्हाला काय. फायबर स्वतः वीज वाहत नाही हे खरे, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीत असतो आणि तिथून मशीनपर्यंतची लॅनची केबल तांब्याची. दोन्ही काढा.

मांडवीपार

प्रोसेसरचे काय ठरले? मी एएम५ चा हट्ट सोडतो, रॅमचे भाव बघून आलो. पण मग एएम४ वरच ५७००एक्स३डी बघा. ९६ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी. बाल्डर्स गेटसारख्या खेळाला तीच लागते.

बिबिंका

लागते खरी, पण मिळते कुठे? नवी सापडणे कठीण झाले आहे आणि वापरलेलीचे भाव ऐकून एएम५ स्वस्त वाटेल. शिवाय तिच्याबरोबर कूलर येत नाही.

साधी रायझन ५ ५६०० घ्यावी. कोअर सहाचे सहाच, मग फायदा कसला असे वाटेल. ३६०० मध्ये ३२ एमबी कॅश दोन तुकड्यांत आहे, तीन-तीन कोअरच्या वाट्याला सोळा-सोळा. एका गटाला दुसऱ्याकडचे हवे असले की लांबून फिरून यावे लागते. ५६०० मध्ये सहाही कोअरना सगळी ३२ एमबी एकत्र मिळते. गर्दीच्या शहरात, जिथे शंभर पात्रे एकदम हालचाल करतात, तिथे हा फरक दिसतो. बोर्ड तोच, रॅम तीच, कूलर खोक्यात.

पण बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) आधी, चिप नंतर. जुनी ३६०० बसवलेली असतानाच बोर्डाच्या संकेतस्थळावरून नवे बायोस घालायचे. उलट केले तर काळा पडदा. आणि ते करताना वीज जाता कामा नये, तेव्हा यूपीएस आल्यावरच.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. विंडोज ११ असेल आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. चिप बदलली की आतले टीपीएम (किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग) बदलते आणि विंडोज दारातच ती की मागते. तुम्ही अजून १० वर असाल तर ११ वर या, १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, तेही बायोस नवे केल्यावर पुन्हा तपासा, बऱ्याचदा बंद होऊन बसतात. एक्सएमपीसुद्धा.

लोकल_फास्ट

डिस्कबद्दल कोणी बोललेच नाही. जेन ४ ची, म्हणजे चौथ्या पिढीची, एनव्हीएमई?

बिबिंका

बी४५० वर जेन ३ च्याच वेगाने चालेल. जागा संपली तर दुसरी साधी घ्यावी. वेगासाठी बदलू नये.

तिसऱ्या

आणि आरजीबी दिवे? कोणाला काळजीच नाही त्यांची.

खाजन

चवथीची माळ गुंडाळा.

चिरेबंदी

झाले एकदाचे. ३०६० फोंड्याला मिळाले, बिलासकट, १२ जीबी, १९२ बिट, "फेक" वगैरे काही नाही. कुळागरबाबांनी सांगितल्याप्रमाणे स्क्रूच्या खाचासुद्धा बघितल्या, विकणारा मुलगा हसत होता. हॉटस्पॉटचे अंतर थोडे जास्त निघाले, त्यावर हजार रुपये सुटले. ५६००, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि १८० हर्ट्झचा मॉनिटर नवे. यूपीएस धरून चाळीसच्या थोडे वर गेलो, ३६०० विकली की बरोबरी.

आकडे: सायबरपंक हायवर, डीएलएसएस क्वालिटी लावून, सत्तरच्या पुढे. बाल्डर्स गेटच्या शहरात पन्नासच्या वर, आणि मुख्य म्हणजे झटके कमी. व्हॅलोरंटबद्दल बिबिंकाबाय म्हणाल्या होत्या पाच मिनिटे, मला दोन लागली. यूपीएसची भिंतीच्या स्विचवाली परीक्षा पास.

तक्रार एक आहे. ५६०० चा खोक्यातला कूलर खेळताना बराच बोंबलतो.

बिबिंका

बायोसमध्ये पंख्याची चाल बदला. साठ अंशांपर्यंत हळू, पुढे वाढू द्या. तरी नको वाटला तर साधा एक पंख्याचा टॉवर कूलर. पण आधी कॅबिनेटच्या पुढे हवा आत घेणारा पंखा आहे का ते सांगा. पुढची बाजू काचेने बंद असेल तर कूलर बदलून काही होणार नाही.

मांडवीपार

अभिनंदन. दोन वर्षांनी "३०६० पुरत नाही" असा धागा येईल तेव्हा मी इथेच असेन.

चिरेबंदी

तेव्हा तुमच्या सल्ल्याने एएम५ घेऊ, रॅम स्वस्त झाली असली तर.

पुढे पंखा आहे, एकच, आणि पुढची बाजू जाळीची. चाल बदलून बघतो.

म्हादई

वायरमन येऊन गेला. हिरवी तारच सुटली होती. चिरेबंदी, तुमचे ते जुने कार्ड विकायचे आहे का? मुलाच्या मशीनमध्ये त्याहून जुने आहे असे तो सांगतो. आमचा एसएमपीएस कुठला ते मला ठाऊक नाही, फोटो टाकते.

चिरेबंदी

आहे ताई. त्याला आठ पिनांची एक केबल लागते, फोटोत ती दिसेल असा काढा. साखळीच्या बाजारात भेटू, आधी चालवून दाखवतो.

कुळागर

स्क्रू बघून घ्या हो बाय.